‘कोयता’ : एका शब्दाचा अर्थविस्तार

ऊसतोडणीच्या व्यवसायात ‘कोयता’ हा शब्द केवळ हत्याराचा वाचक नाही. पति-पत्नींची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा मजूर हा अर्धा कोयता. मुकादम उचल देतो तीही कोयत्यामागे. साधनावरून ते वापरणाऱ्याचा बोध व्हावा, ही परिचित लक्षणा होय. परंतु येथे तिने कुटुंबाची व्याख्याच बदलली आहे. दांपत्य हिशेबात आले, अपत्य मात्र हिशेबाबाहेर राहिले.

अहिल्यानगर जिल्ह्यात या व्यवसायाची दोन्ही टोके आढळतात. प्रवरेच्या पाटपाण्यावर लोणी येथे १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पाथर्डी, जामखेड या अवर्षणप्रवण तालुक्यांतून मात्र दिवाळीच्या सुमारास टोळ्या बाहेर पडतात व पाडव्याच्या आगेमागे परततात. गळिताचा हंगाम शाळेच्या ऐन वर्षात येत असल्याने आईबापांपुढे दोनच मार्ग उरतात : मूल फडावर न्यावे, अथवा आजी-आजोबांपाशी ठेवावे. पहिल्याने शाळा सुटते, दुसऱ्याने सहवास. साखरशाळा पहिल्या अडचणीसाठी निघाल्या; गावोगावची हंगामी वसतिगृहे मागे राहणाऱ्या मुलांसाठी.

भ्रमणध्वनीमुळे तुटलेला संवाद आज काही अंशी सांधला जातो. तथापि वाहन केव्हा येईल तेव्हा ते भरून देणाऱ्या जोडीच्या हाती स्वतःची अशी वेळ नसते. म्हणून कष्टाच्या कामात मुलांशी नाते कसे टिकवावे, हा प्रश्न येथे केवळ मातापित्यांच्या जिव्हाळ्याचा नाही. ज्या करारात मुलाला नावच नाही, त्यात मुलासाठी वेळ कोठून यावा?