आरोपपत्र वाचताना

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी आठच्या सुमारास एक गृहस्थ दारात उभे होते. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकचा फोल्डर. आमच्याच तालुक्यातल्या एका गावच्या माध्यमिक शाळेत ते गणित शिकवतात. म्हणजे शिकवत होते. सध्या निलंबित आहेत. बँकेतल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानं त्यांना माझा पत्ता दिला होता. "साहेब, तुम्ही खूप चौकशा केल्यात असं कळलं. एवढं वाचून सांगाल का?" असं म्हणून त्यांनी फोल्डर माझ्यापुढे सरकवला आणि चहा येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

ते आरोपपत्र होतं. आरोप तीन. सातवीतल्या एका मुलाच्या थोबाडीत मारली, हा पहिला. परीक्षेच्या फीच्या हिशेबात १,१४० रुपये कमी भरले, हा दुसरा. मुख्याध्यापकांशी उद्धट वर्तन केलं, हा तिसरा. सरांचं वय ५५, नोकरी २९ वर्षांची, निवृत्तीला तीन वर्षं बाकी. आणि आरोपपत्राच्या पहिल्याच परिच्छेदात वाक्य होतं, 'आपण गंभीर गैरवर्तन केल्याचे सिद्ध होत आहे.' चौकशी व्हायची होती, पण निकाल आधीच टाइप झाला होता.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो, आपल्याकडच्या अनुदानित शाळेची रचना मोठी गमतीची आहे. पगार सरकारच्या तिजोरीतून येतो, पण नेमणूक आणि बडतर्फी संस्थेच्या हातात असते. संस्थाचालकाच्या मर्जीवर मास्तरची नोकरी राहू नये म्हणून महाराष्ट्रानं १९७७ साली खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा केला. त्याची नियमावली १९८१ची. चौकशी समितीत तिघं असावेत अशी तरतूद आहे: एक संस्थेचा, एक कर्मचाऱ्यानं निवडलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षक. नोकरी गेलीच, तर ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. प्रश्न कागदाच्या बाहेरचा आहे.

तो प्रश्न मला ठाऊक आहे, कारण मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेला माणूस आहे. बँकेत असताना चौकशी अधिकारी म्हणून माझी अनेकदा नेमणूक झाली. एका बाजूला बँकेचा सादरकर्ता अधिकारी, दुसऱ्या बाजूला आरोपी कर्मचारी आणि त्याचा बचाव प्रतिनिधी, मध्ये मी. मी तटस्थ असावं अशी अपेक्षा. पण माझी बदली, माझी बढती, माझा गोपनीय अहवाल हे सगळं ज्यांनी आरोपपत्रावर सही केली त्यांच्याच हातात. कोणी मला कधी 'अमुक निष्कर्ष लिहा' असं सांगितलं नाही. सांगावं लागत नाही.

नव्वदच्या दशकात एका कॅशियरची चौकशी माझ्याकडे आली. एका खातेदाराची तक्रार होती की त्यानं भरलेल्या रकमेपेक्षा कमी रक्कम खात्यात जमा झाली. स्लिपवर खाडाखोड होती. खातेदार चौकशीला आलाच नाही. त्याची लेखी तक्रार तेवढी आली. फौजदारी खटल्यात लागतो तसा निःसंशय पुरावा खात्याच्या चौकशीत लागत नाही, शक्यतेचं पारडं जिकडे झुकतं तिकडे निष्कर्ष देता येतो. मी त्याचा आधार घेतला आणि 'आरोप सिद्ध' असं लिहिलं. शेवटच्या दिवशी त्या कॅशियरनं मला विचारलं, "साहेब, तुम्हाला खरंच असं वाटतं का?" मी म्हणालो, "मला काय वाटतं हा प्रश्न नाही, कागदावर काय आहे हा आहे." तेव्हा ते उत्तर मला फार काटेकोर वाटलं होतं. त्यानं पैसे घेतले होते की नव्हते, हे मला आजही सांगता येणार नाही. पण तक्रारदाराला समोर बोलावल्याशिवाय ते मी ठरवायला नको होतं, एवढं मात्र नक्की.

सरांच्या फोल्डरमध्ये त्या मुलाचा जबाब होता. 'सदर शिक्षकांनी मला कोणतेही सबळ कारण नसताना अमानुष मारहाण केली असून त्यामुळे माझ्या मनावर विपरीत परिणाम झाला आहे.' सातवीतलं लेकरू असं बोलत नाही. शेतकऱ्यांच्या नावानं लिहिलेले 'मी राजीखुशीने' छापाचे कागद मी आयुष्यभर पाहिले आहेत. लिहिणारा हात ओळखू येतो. खाली मुलाची सही होती, शाईच्या पेनानं, जोर देऊन काढलेली.

मी सरांना सरळ विचारलं, "मारलं होतं का?"

ते म्हणाले, "थोबाडीत नाही मारलं. कान पिरगळला. तीन दिवस वही आणली नव्हती."

मी त्यांना सांगितलं, की हेही चूकच आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं शारीरिक शिक्षेला पूर्ण बंदी आहे. आपण मार खाऊन शिकलो, ही सबब आता चालत नाही आणि चालू नये. सर मान खाली घालून म्हणाले, "कबूल आहे. त्याची जी शिक्षा असेल ती द्या. पण तीस वर्षांवर बोळा फिरवू नका." फीच्या हिशेबाबद्दल त्यांचं म्हणणं असं, की पावतीपुस्तक कार्यालयात जमा आहे आणि मागूनही त्याची प्रत मिळत नाही. संस्थेतल्या दोन गटांच्या भांडणात आपला बळी जातोय, असंही त्यांना वाटतं. ते खरं की खोटं, मला माहीत नाही. संस्थेची बाजू मी ऐकलेली नाही. म्हणून तर चौकशी हवी, आणि ती धड हवी.

असं प्रकरण कुठवर जाऊ शकतं त्याचं एक उदाहरण न्यायालयाच्या दप्तरी आहे. तेव्हाच्या औरंगाबादमधल्या एका प्राथमिक शाळेच्या इमारतीला महापालिकेनं व्यापारी दरानं कर लावला. तो भरण्यासाठी कर्मचाऱ्यांनी पगारातून दरमहा दीड हजार रुपये द्यावेत, असं फर्मान निघालं. एका शिक्षिकेनं नकार दिला. त्यानंतर तिला २५ मेमो मिळाले, नोव्हेंबर २००६मध्ये निलंबन झालं आणि जून २००७मध्ये नोकरी गेली. शिक्षणाधिकाऱ्यांनी निलंबनाला मान्यता दिली नव्हती, तरीही. २००९ साली शाळा न्यायाधिकरणानं बडतर्फी रद्द करून पूर्ण थकीत पगार देवविला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २०११मध्ये पगाराचा भाग रद्द केला. ऑगस्ट २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो परत मिळवून दिला आणि नोकरी बेकायदा गेली असेल तर थकीत पगारासह पुनःस्थापना हाच सर्वसाधारण नियम, असं सांगितलं. बाई जिंकल्या. पण २००६ ते २०१३ या सात वर्षांत घरात काय काय झालं असेल, ते कोणत्याही निकालपत्रात येत नाही.

आणि याची दुसरीही बाजू आहे. शिक्षकानं मुलाला खरोखरच जबर मारलं असेल, त्याहून वाईट काही केलं असेल, आणि समितीनं घाईघाईत, साक्षीदार न तपासता त्याला काढलं असेल, तरी तोही उद्या तांत्रिक मुद्द्यावर सन्मानानं परत येऊ शकतो. त्याच वर्गात, त्याच मुलासमोर. म्हणजे ढिसाळ चौकशी निर्दोष माणसाची वर्षं खाते आणि दोषी माणसाला पळवाट देते. मुलांच्या बाजूनं कडक असायचं तर चौकशीतही कडक असावं लागतं. 'आरोप गंभीर आहे, नियम कसले बघता?' असं म्हणणारे लोक मुलांचा कैवार घेत नसतात; ते फक्त प्रकरण मिटवत असतात.

चौकशीचा अहवाल कर्मचाऱ्याच्या हाती आधी द्यावा, मग शिक्षा ठरवावी, ही साधी गोष्टही सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाला १९९३ साली स्पष्ट करावी लागली. आम्हा बँकवाल्यांना तेव्हा ते जाचक वाटलं होतं. 'आणखी एक पत्रव्यवहार वाढला' असं आम्ही म्हणत होतो. आज त्या फोल्डरकडे बघताना कळतं, की त्या एका पत्रव्यवहारात माणसाला आपलं म्हणणं मांडायची शेवटची संधी असते.

सर आता महिन्यातून एकदा येतात. सुरुवातीला निर्वाह भत्ता साधारण अर्ध्या पगाराइतका मिळायचा. घराच्या कर्जाचा हप्ता मात्र पूर्ण जातो. बाजाराला ते दिवेलागणीनंतर जातात. गावात कोणी तोंडावर बोलत नाही, पण ज्यांची दोन-दोन पोरं त्यांच्या हाताखाली दहावी झाली, ते लोकही एस.टी. स्टँडवर पेपरात डोकं घालतात.

समितीपुढे त्या मुलाची उलटतपासणी मागण्याचा त्यांना हक्क आहे. मी तो सुचवला तेव्हा ते चटकन म्हणाले, "नको साहेब. पाच माणसांत त्या लेकराला उभं नका करू." मी म्हणालो, न विचारता तुमचं खरं कसं बाहेर येणार? बराच वेळ आम्ही दोघं गप्प होतो. शेवटी मधला मार्ग काढला. प्रश्न लिहून समितीला द्यायचे. समितीतल्या शिक्षकानं ते मुलाला, त्याच्या आईच्या समोर, शांतपणे विचारायचे. उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायची. समिती हे मान्य करेल का, ते पुढच्या बैठकीत कळेल.

परवा सर प्रश्नांची यादी घेऊन आले. फुलस्केपच्या एका बाजूला, फळ्यावर लिहावं तशा अक्षरात, सात प्रश्न. वहीचा, तारखेचा, वर्गात आणखी कोण होतं त्याचा, जबाब कोणी लिहून दिला त्याचा. पहिला प्रश्न वेगळा होता: 'तुझा कान किती दिवस दुखला?'

मी म्हणालो, "सर, हा प्रश्न तुमच्या विरुद्ध जाईल."

"जाऊ दे," ते म्हणाले, "तो विचारायचा राहिलाय."