शर्यतीनंतरची गोष्ट

'बेन-हर' म्हटले की आपल्याला रथांची शर्यत आठवते. १९५९ च्या बोलपटाला अकरा ऑस्कर पारितोषिके मिळाली आणि चार्ल्टन हेस्टनचे ते चार पांढरे घोडे रसिकांच्या मनात कायमचे दौडत राहिले. मीही त्या घोड्यांचाच चाहता. पुढे ल्यू वॉलेसची मूळ कादंबरी हाती आली, तेव्हा मात्र मोठी मौज दिसली. आठ भागांच्या त्या ग्रंथात शर्यत पाचव्या भागातच आटोपते! मग उरलेल्या तीन भागांत लेखकाला सांगायचे तरी काय होते?

वॉलेस हा वकील आणि अमेरिकन यादवी युद्धातला सेनानी. धर्माविषयी तो अगदी उदासीन होता. १८७६ साली आगगाडीत त्याला रॉबर्ट इंगरसॉल हा गाजलेला अज्ञेयवादी वक्ता भेटला. इंगरसॉल तासन् तास बोलत राहिला आणि वॉलेसला आपल्या अज्ञानाची लाज वाटली. मानायचे की नाकारायचे, हे ठरवण्यापुरतीही माहिती त्याच्यापाशी नव्हती. तीन ज्ञानी पुरुषांची एक लहानशी गोष्ट त्याने पूर्वीच लिहून ठेवली होती. तिचीच त्याने आता कादंबरी केली. पॅलेस्टाइन त्याने पाहिले नव्हते. नकाशे आणि ग्रंथ पालथे घालीत त्याने जेरुसलेम उभे केले, आणि न्यू मेक्सिकोचा गव्हर्नर असताना सांता फे येथे लेखन पुरे केले. १८८० साली पुस्तक निघाले, तोवर लेखक श्रद्धावान झाला होता. तरी कोणत्याही चर्चचा सभासद मात्र तो कधीच झाला नाही.

आता कथा पाहा. ज्यूडाच्या हाताखालचे कौल निसटून रोमन अधिकाऱ्याच्या डोक्यात पडते. बालमित्र मेसाला त्यालाच गुन्हेगार ठरवतो. ज्यूडाच्या नशिबी युद्धनौकेचे वल्हे येते. आई आणि बहीण तुरुंगात नाहीशा होतात. बेड्या घालून नेत असता नाझरेथच्या विहिरीपाशी त्याच्याच वयाचा एक तरुण त्याला पाणी पाजतो आणि मुकाट्याने निघून जातो. आई-बहीण जिवंत आहेत का? सूड पुरा होईल का? साधी एस्तेर की मोहक इरास, ज्यूडा कुणाचा होणार? उत्कंठा अशी ताणलेली राहते.

ज्यूडा देवाला विसरत नाही. पण त्याला देव हवा असतो तो सुडातला भागीदार म्हणून! मला वाटते, श्रद्धा हरवते ती बहुधा अशीच. आमच्या थोरल्या काकांचा मुलगा ऐन विशीत गेला. त्यानंतर काका देवघरात पाऊल टाकीनात. कुणी वाद घालून त्यांना नास्तिक केले नव्हते. ते देवावर रुसले होते. त्यांना उपदेश करणारे पुष्कळ आले. काका कुणाशी बोलले नाहीत. शेजारचे एक गृहस्थ मात्र रोज संध्याकाळी येऊन त्यांच्याजवळ नुसते बसत. त्यांचीच तेवढी ते वाट पाहत.

शर्यतीत मेसाला जायबंदी होतो, कफल्लक होतो; पण ज्यूडाच्या मनाची आग विझत नाही. नव्या राजासाठी तो गुप्तपणे फौज जमवतो. तो राजा तलवार मागतच नाही. तो ज्यूडाच्या आई-बहिणीचा कुष्ठरोग बरा करतो आणि स्वतः वधस्तंभावर चढतो. तेव्हा ज्यूडाला विहिरीवरचे ते पाणी आठवते. आंबट द्राक्षारसात बुडवलेला स्पंज घेऊन तो पुढे धावतो. सारी फौज निरुपयोगी ठरल्यावर त्याला देता येते ते एवढेच. शेवटी त्याची संपत्ती लढाईसाठी नव्हे, तर रोममधल्या छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या भुयारी दफनभूमीसाठी खर्ची पडते.

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत हे पुस्तक जरूर मिळवा. फक्त शर्यत संपली म्हणून ते मिटून ठेवू नका.