पेन न उचलता माणूस

शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिलेल्यांना 'स्मरणचित्रा'ची प्रश्नपत्रिका आठवत असेल. बाजार काढा वा बसथांबा, त्यात माणसे हवीतच! बहुतेकांची गाडी अडते ती इथे. आधी पुसट रेघ, मग खोडरबर, पुन्हा रेघ. शेवटी कागद मळतो आणि माणूस लाकडी बाहुल्यासारखा ताठ उभा राहतो. अनेकांनी तिथेच चित्रकलेला रामराम ठोकलेला असतो.

यावरचा एक जुना उपाय म्हणजे एका सलग रेषेतले चित्र. पेन एकदा कागदावर टेकवले की आकृती पूर्ण होईपर्यंत उचलायचे नाही. पेनच, कारण पेन्सिल हाती असली की मन खोडरबर शोधते. अमेरिकी कलाशिक्षक किमॉन निकोलाइडिस यांचे या विषयावरील पुस्तक त्यांच्या पश्चात १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. नजर कागदावर नव्हे, माणसावर ठेवा आणि पेन्सिलीचे टोक त्याच्या अंगालाच टेकले आहे असे समजा, ही त्यांची शिकवण. नजर कानाच्या पाळीवरून मानेकडे ज्या गतीने सरकेल, त्याच गतीने हात सरकायचा.

एरवी आपण समोरचा डोळा पाहतच नाही; डोळा म्हणजे बदाम, ही मनात ठरलेली खूण तेवढी उतरवतो. न थांबणारी रेघ अशा खुणांना फारसा वाव देत नाही. प्रमाण चुकते, खांदा कानापर्यंत चढतो. पण बसण्याची ढब नेमकी येते. चेहऱ्यातून कानाकडे जायचे कसे? चष्म्याच्या काडीवरून! चष्मा नसेल तर आल्या रेघेवरूनच मागे फिरावे.

मराठी हाताला हे अगदीच परके नाही. बोरू वारंवार न उचलता भराभर लिहिता यावे, अशीच मोडीची वळणे आहेत. आधी ओळभर रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरांची साखळी.

कोथरूडमध्ये सरावासाठी माणसांची वाण नाही. थोरात उद्यानातील बाकांवरची मंडळी निवांत असतात, म्हणून सुरुवात तिथून करावी. २०२२ मध्ये सुरू झालेली वनाझची मेट्रो ही पुढची इयत्ता. कुणी आपल्याकडे रोखून पाहिले तर वही सरळ पुढे करावी. नको म्हणाले तर मिटावी. आणि समोरच्या आजी आयडियल कॉलनीलाच उतरल्या, तर रेघ कोपरापाशी थांबते. ती तशीच ठेवावी, खाली तारीख घालावी आणि पान उलटावे.