थांब्यावर विकली गेलेली खेळणी

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे कौतुक हल्ली जिकडेतिकडे ऐकू येते, आणि मुंबई-गोव्याच्या गाड्या मात्र झाराप-पत्रादेवी बाह्यवळणावरून गावाला न शिवता निघून जातात. याचा मला मनापासून राग येतो.

संस्थानाने चिताऱ्यांना आश्रय दिला, पुढे शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात हाताने रंगवलेल्या गंजिफा पत्त्यांची कला जगवली. हा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. मला बोलायचे आहे ते १९८२ नंतरच्या दहाएक वर्षांबद्दल.

त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगारांच्या त्या संपाची झळ आमच्याकडे घरोघरी लागली, कारण इथल्या कितीतरी चुली परळ-लालबागच्या मनीऑर्डरवर पेटत. मे महिन्यात, चतुर्थीला येणारा चाकरमानी पोरांसाठी भातुकली घ्यायचा. त्याचाच खिसा रिकामा झाला. खेळणी घडवणाऱ्यांची चितारआळी तगली ती वाटसरूंवर. महामार्ग तेव्हा मोती तलावाच्या काठाने गावातूनच जायचा. गोव्याकडची गाडी चहाला थांबली की माणसे पाय मोकळे करायला उतरत आणि परत चढताना हातात लाकडी सीताफळ, केळी, नाहीतर धाकट्यासाठी पांगुळगाडा असे.

पांगाऱ्याचे हलके लाकूड कातताना त्यांना दिसायचे. फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने रंग वितळून चढतो, मग केवड्याच्या पानाने घासून तकाकी आणतात. हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस भावासाठी फारशी घासाघीस करत नसे.

प्लास्टिक आल्यावर ही कला संपली, असे म्हणणाऱ्यांशी मी तेव्हाही भांडलो. प्लास्टिकने गिऱ्हाईक कमी केले, पण गाड्या थांबत होत्या तोवर धंदा उभा होता. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, स्टेशन मळगावला, गावापासून दूर. मग बाह्यवळण झाले. रस्ता आखताना वाचणारा वेळ मोजला गेला. गाडीच्या थांबण्यावर कोणाचे पोट आहे, हे आळीत येऊन कोणी विचारले नाही.

शहरातल्या प्रदर्शनांत वर्षातून चार दिवस गाळा देऊन हे भरून निघणार नाही. झारापच्या तिठ्यावर चिताऱ्यांना कायमची जागा हवी, तिथे लाकूड कातण्याचे यंत्र प्रवाशांसमोर चालू हवे, आणि पांगाऱ्याची लागवड आजच सुरू व्हायला हवी.