हुस्कूरचे उत्तुंग रथ: भार किती, त्याहून भार कुठे

बेंगळुरूच्या आग्नेयेला, आनेकल तालुक्यातल्या हुस्कूर गावी दरवर्षी मद्दुरम्मा देवीची जत्रा भरते. आसपासची गावे आपापले रथ घेऊन येतात. यांतले काही रथ 100 फुटांहून उंच असतात. बैलजोड्या आणि ट्रॅक्टर ते ओढतात, तर दोर धरलेली माणसे त्यांचा तोल सांभाळतात.

6 एप्रिल 2024 रोजी हिलालिगे गावचा सुमारे 120 फुटी रथ वाटेतच कलंडला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. 22 मार्च 2025 रोजी मात्र वादळी पावसात दोन रथ कोसळले आणि माणसे दगावली.

एवढा डोलारा कशाने आडवा होतो? डाव्या-उजव्या चाकांत 4 मीटर अंतर असलेला एखादा रथ घ्या. त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 5 मीटरवर असेल, तर सुमारे 22 अंश कलेपर्यंत तो सावरू शकतो. तोच 12 मीटरवर गेला, की साडेनऊ अंशांतच खेळ संपतो. त्यात एका बाजूची चाके चिखलात रुतली तर यातला बराच कल तिथेच खर्ची पडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो आणि कापडाने मढवलेला रथ तो शिडासारखा अंगावर घेतो. ट्रॅक्टरने हिसका दिला तर बुडखा पुढे सरकतो, शेंडा मागे राहतो.

तमिळनाडूत तिरुवारूरचा प्रसिद्ध रथही 96 फूट उंच आहे. पण त्याचा खालचा भाग कोरीव लाकडाचा, वजनदार. वरचा सांगाडा बांबू-कापडाचा, हलका. शिवाय चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आहेत.

ओढायच्या वाहनात भार पुढे-मागे कसा विभागला आहे, यालाही तितकेच महत्त्व असते. बैलगाडीत पोती मागे जास्त झाली तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि जोती बैलांच्या गळ्याला काचतात. पुढे जास्त झाली, तर सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते.

मोटारीमागे जोडायच्या कॅरॅव्हॅनचेही तसेच. अमेरिकेतल्या प्रचलित नियमानुसार तिच्या एकूण वजनापैकी 10 ते 15 टक्के भार जोडणीवर यावा. म्हणजे 1,500 किलोच्या कॅरॅव्हॅनचा 150 ते 225 किलो. तो कमी पडला तर वेगात कॅरॅव्हॅन शेपटीसारखी हेलकावू लागते. फार वाढला तर मोटारीचा मागचा भाग दबतो, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड सुटते. म्हणून जड सामान तळाशी, आसाच्या किंचित पुढे आणि दोन्ही बाजूंना सारखे ठेवतात. हेलकावे सुरू झालेच, तर मोटारीचा ब्रेक करकचून दाबायचा नाही. अॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचे आणि कॅरॅव्हॅनला स्वतंत्र ब्रेक असल्यास तेवढाच लावायचा.