‘डेप्थ’ : चाहत्यांच्या भाषेतील एक शब्द
अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलचा चाहता बचावाच्या अग्रफळीची स्तुती करताना ‘डेप्थ’ हा शब्द हटकून योजितो. येथे त्याचा अर्थ राखीव गड्यांचे सामर्थ्य असा होय. रूपाने हे वर्णन, परंतु आशयाने भाकीत. मुख्य गडी बाहेर पडेपर्यंत त्याचे खरेखोटे ठरत नाही. २०१८ च्या आरंभी क्लेमसनचे विल्किन्स, फेरेल व ब्रायंट धंदेवाईक संघांकडे न जाता विद्यापीठातच राहिले, तेव्हा चाहत्यांच्या आशेला उधाण आले. ती आशा, खरे पाहता, मातब्बर नावांवरच उभी होती. वर्षअखेरीस चाचणीत निषिद्ध द्रव्याचा अंश आढळल्याने धिप्पाड लॉरेन्स शेवटच्या दोन सामन्यांना मुकला. त्याच्या जागी हगिन्स उभा राहिला, आणि ७ जानेवारी २०१९ रोजी अलाबामाचा ४४-१६ असा पाडाव झाला.