वीस गॅसचं भगदाड

सप्टेंबर 2016. इथेरियम या ब्लॉकचेन नेटवर्कची परिषद शांघायला भरणार होती आणि या नेटवर्कचा कणा असलेले बहुतेक प्रोग्रॅमर तिथे गोळा होत होते. नेमक्या त्याच वेळी, 18 सप्टेंबरला, व्यवहारांचा 22,83,416 क्रमांकाचा ब्लॉक आला आणि जगभरचे नोड, म्हणजे हे नेटवर्क चालवणारे संगणक, धडाधड कोसळायला लागले. कोसळणारे सगळे ‘गेथ’ हे सॉफ्टवेअर चालवणारे. ब्लॉक तपासता तपासता मेमरी संपायची आणि प्रोग्रॅम बंद पडायचा. पुन्हा सुरू करावा, तर पुन्हा तोच ब्लॉक समोर. नेटवर्क तगलं ते ‘पॅरिटी’मुळे. हे सॉफ्टवेअर दुसऱ्याच मंडळींनी, दुसऱ्या भाषेत लिहिलेलं असल्यामुळे गेथमधली चूक त्यात नव्हती.

दुरुस्ती तातडीने निघाली. तिला नावही दिलं गेलं, ‘शांघायहून सप्रेम’. पण हा अपघात नव्हता, हल्ला होता. हल्लेखोर मुहूर्त बघून आला होता, एवढ्यावर थांबणार नव्हता.

चारच दिवसांत नवं दुखणं उपटलं. या वेळी काही कोसळत नव्हतं, मेमरीही शाबूत होती. नुसतं सगळं रखडत होतं. पंधरा-एक सेकंदांना एक ब्लॉक यायचा, पण तो तपासून होईपर्यंत पुढचा दारात उभा. व्यवहार उघडून पाहिले तर ते नियमाला धरून होते. सही बरोबर, फी भरलेली. कोडमध्ये चूक सापडेना, कारण या वेळी ती कोडमध्ये नव्हतीच. ती दरपत्रकात होती.

इथेरियमवर व्यवहार म्हणजे बरेचदा एक छोटा प्रोग्रॅम असतो आणि तो प्रत्येक नोडला स्वतः चालवून पाहावा लागतो. म्हणून त्यातल्या प्रत्येक सूचनेला ‘गॅस’ या एककात दर ठरलेला आहे. बेरीज करायची तर 3 गॅस. एका खात्यातून दुसऱ्यात पैसे पाठवायचे तर 21,000 गॅस. ही फी तेव्हा ब्लॉक बनवणाऱ्या मायनरला मिळायची, त्यामुळे ती त्याची मजुरी आहे असं धरलं जायचं. तिचं दुसरं काम राखणदारीचं आहे: कुणी उगाच हजारो यंत्रं राबवायला घेतली, तर त्याचा खिसा रिकामा झाला पाहिजे. दर चुकला, की राखणदार झोपला.

चुकलेला दर सापडला तो ‘एक्स्टकोडसाइझ’ या सूचनेचा. दुसऱ्या एखाद्या खात्यातला कोड किती मोठा आहे, एवढंच ती विचारते. दर 20 गॅस. 2014 मध्ये गॅव्हिन वुड यांनी ‘यलो पेपर’मध्ये दरपत्रक मांडलं तेव्हा ही सूचना किरकोळ वाटली असणार. पण उत्तर देण्यासाठी नोडला ते खातं डिस्कवरून शोधून आणावं लागतं. टेबलावरचा कागद पुढे सरकवायचा असो की रेकॉर्ड रूममधून जुना फेरफार उपसून आणायचा असो, फी जवळपास तीच, असा हा कारभार होता. हल्लेखोर एकेका ब्लॉकमध्ये सुमारे 50,000 वेळा रेकॉर्ड रूमची वारी घडवत होता. पन्नास हजार गुणिले वीस, म्हणजे दहा लाख गॅस. तेव्हाच्या प्रचलित दराने ही रक्कम एका डॉलरच्याही आत बसते!

मायनरना ब्लॉकची गॅस-मर्यादा खाली आणण्याची विनंती झाली. त्याने श्वास घ्यायला फुरसत मिळाली, इतकंच. हल्लेखोराने मग दुसरी फट धरली. ‘सुसाइड’ या सूचनेतून नवं खातं उघडलं तर त्याचे पैसेच लागत नव्हते. बघता बघता सुमारे 1 कोटी 90 लाख रिकामी खाती तयार झाली आणि प्रत्येक नोडच्या डिस्कवर जाऊन बसली.

18 ऑक्टोबरला नवं दरपत्रक लागू झालं. एक्स्टकोडसाइझ 20 वरून 700, सुसाइड शून्यावरून 5,000 आणि तिने नवं खातं उघडलं तर वर 25,000. नोव्हेंबरमध्ये नेटवर्कचे नियम बदलणारा आणखी एक ‘फोर्क’ झाला, त्यानंतर रिकाम्या खात्यांची झाडलोट झाली.

प्रकरण इथेच मिटलं असं वाटलं. मला विचाराल तर खरी धडकी भरवणारी गोष्ट पुढेच आहे, कारण तिचा गाजावाजाच झाला नाही. डॅनियल पेरेझ आणि बेंजामिन लिव्हशिट्स या संशोधकांनी 2019 मध्ये दरपत्रकातल्या फटी हाताने शोधण्याऐवजी ते काम जेनेटिक अल्गोरिदमवर सोपवलं. कमीत कमी गॅसमध्ये जास्तीत जास्त वेळ खाणारे प्रोग्रॅम त्याने पिढ्यान्‌पिढ्या निवडत नेले. हाती आलेले प्रोग्रॅम नेहमीच्यापेक्षा सरासरी 200 पट मंद होते. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला पेरेझ, ह्यूबर्ट रिट्झडॉर्फ आणि मथायस एगली यांनी इथेरियमच्या लोकांना एक तयार हल्लाच दाखवला: जी खाती अस्तित्वातच नाहीत त्यांचा शोध घ्यायला लावणारा. नाही म्हणायलासुद्धा डिस्क धुंडाळावी लागते! असा एक ब्लॉक तपासायला काही मिनिटं लागू शकत होती.

आतल्या वर्तुळात या फटीची कुजबुज होती, पण हल्ल्यासाठी ती कुणी वापरली नाही. गेथने डिस्कवरच्या शोधाची पद्धतच बदलायला घेतली. 15 एप्रिल 2021 च्या ‘बर्लिन’ बदलात खात्याला पहिल्यांदा हात लावण्याचा दर 2,600 गॅस झाला. पाच वर्षांत एक्स्टकोडसाइझचा भाव 130 पट! त्यानंतर महिन्याभराने, 18 मेला, इथेरियमच्या मंडळींनी सगळं उघड केलं. मजकुराच्या मथळ्यात आपण गोळी चुकवली, अशी कबुलीच होती.